शिकवला की जातो

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही छोट्या कारखानदाराशी थोडा वेळ बोललं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: शिकवला की जातो. नागापूरच्या एमआयडीसीत ते ऐकू येतं, सुप्याला येतं, खासगी दवाखान्यांत आणि पतसंस्थांतही येतं. याच जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जामखेडला, 1970 पासून माणसं शिकवण्याचं एक काम चाललं आहे आणि ते बघायला जगभरातून लोक येतात. एकाच जिल्ह्यातल्या या दोन गोष्टी एकमेकींशी कधी बोलत नाहीत. म्हणून मी त्यांना समोरासमोर बसवलं आहे.

संवाद रचलेला आहे. त्यातला भाऊ पंचवीस-एक माणसांचं मशीन शॉप चालवतो. त्याची थोरली बहीण सरकारी आरोग्यखात्यातून आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाली आहे. ही दोन माणसं कल्पनेतली असली तरी त्यांची मतं मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहेत. जामखेडची हकिगत मात्र जशी घडली तशीच आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण हे दोघं बोलताना नगरच म्हणतात, तेही तसंच ठेवलं आहे.

भाऊ: ताई, तू प्रशिक्षणाचं नेहमी सांगतेस, आज माझं ऐक. आयटीआय झालेलं पोरगं येतं. व्हर्नियर धरता येतो, पण मायक्रोमीटरने एकाच जॉबचं माप दोनदा घेतलं तर दोन आकडे सांगतं. तीन-चार महिने माझा सेटर त्याच्या मागे उभा राहतो. तेवढ्यात किती जॉब रिजेक्ट झाले, किती इन्सर्ट मोडले, सगळं वहीत आहे माझ्या. हात बसला की रांजणगावची नाहीतर चाकणची कंपनी दोन-तीन हजार जास्त देते आणि सोमवारी पोरगं येतच नाही. फोनसुद्धा उचलत नाही. मग मी शिकवलं ते कुणासाठी?

ताई: गेलेल्यांचं सांगितलंस. राहिलेत त्यांना काय शिकवलंस?

भाऊ: त्यांना येतंच की काम.

ताई: मग तुझा सेटर दिवाळीला गावी गेला की दोन मशीन झाकून का ठेवतोस?

भाऊ: जॉब बदलायचा असतो. प्रोग्रॅम बघायचा, टूलचे ऑफसेट घालायचे, पहिला पीस काढून मापायचा. ते दुसऱ्या कुणाला येत नाही.

ताई: का येत नाही?

भाऊ: तो दाखवतच नाही कुणाला. सेटिंगच्या वेळी हेल्परला चहा आणायला पिटाळतो. त्याला वाटतं, दुसऱ्याला आलं की आपली किंमत संपली. त्याचं तरी काय चुकलं गं?

ताई: त्याचं चुकलं असं मी म्हणतच नाही. तू त्याला फक्त मशीन लावायचे पैसे देतोस, शिकवायचे देत नाहीस. मग जे त्याच्याकडे एकट्याकडे आहे ते तो का वाटेल? डॉक्टरांमध्ये तरी वेगळं काय असतं? आपल्या जामखेडात मात्र वेगळं झालं, म्हणून मी तिथलं सांगत असते.

भाऊ: जामखेड येणार हे मला ठाऊकच होतं.

ताई: येणारच. मी नोकरीत होते तेव्हा आम्हाला प्रशिक्षण म्हणजे तालुक्याला बोलावणं, हजेरीपटावर सही आणि दुपारचं जेवण. तिथलं बघितल्यावर कळलं की याला वेगळा अर्थ असू शकतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरचे डॉक्टर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला आले. दुष्काळी मुलूख. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल?

भाऊ: दवाखाना टाकला असेल.

ताई: दवाखाना होताच. पण गावागावांत कुणीतरी हवं म्हणून त्यांनी रीतसर शिकलेल्या नर्सबाई नेमल्या. ते जमलं नाही. मुली बाहेरच्या, तरुण, एकट्या. खेड्यात राहायला नाराज. आणि गावातल्या बायका काही त्यांच्यापाशी मन मोकळं करेनात. म्हणजे तुझीच अडचण. बाहेरून तयार माणूस आणावा तर तो टिकत नाही. मग गावकऱ्यांशी बोलता बोलता असं निघालं की गावातल्याच एखाद्या बाईला का शिकवू नये. गावाने बाई निवडायची. कितीतरी जणी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, बऱ्याच जणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

भाऊ: हे मला पटतं, पण तू समजतेस त्या कारणाने नाही. त्या टिकल्या, कारण त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. जामखेडच्या बाईला चाकणची कंपनी पळवत नाही, ताई. आधार नसलेल्या बाईला शिकवलं आणि ती राहिली, यात शिकवणाऱ्याचं शहाणपण किती आणि तिची लाचारी किती?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षणाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत तो सहसा येत नाही. ताईलाही त्याचं उत्तर पटकन सापडत नाही.

ताई: लाचारी होती, नाही म्हणत नाही. पण लाचार माणूस फक्त टिकून राहतो, काम उभं करत नाही. यांनी केलं. 1971 च्या सुमारास तिथल्या गावांत हजार बाळं जन्मली तर पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जायची. नव्वदच्या दशकात तो आकडा तिसाच्या खाली आला. लाचारीतून हे होत नाही. हे झालं रोजच्या बारीक कामातून. नाळ कापायचं पातं उकळून घेणं. नाळेला शेण-राख लावू न देणं. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई मिळाली की नाही ते बघणं. दर महिन्याला पोरांची वजनं. आणि जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी.

भाऊ: मीठ-साखरेचं पाणी शिकवायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं.

ताई: सांगायला पाच मिनिटं. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आता सांग, चमचा कुठला? सपाट की शिगोशीग? मीठ जास्त पडलं तर वाळलेलं पोर आणखी वाळतं, जिवावर बेततं. म्हणून चव घेऊन बघायची, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. पोर ओकलं तर थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्याने पाजायचं. सासू म्हणते जुलाबात पाणी तोडा, तिला समजवायचं. हे एका दिवसाच्या शिबिरात होत नाही. तुझं पोरगं दोनदा मापून दोन आकडे सांगतं ना? तसंच आहे हे. ऐकून डोक्यात जातं, हातात यायला परत परत करावं लागतं. म्हणून त्या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, रात्री मुक्कामाला राहायच्या. आधी गावात काय घडलं ते सांगायचं. कुठे चुकलं, कोण आजारी, कोणी ऐकलं नाही. त्यातून पुढचा धडा निघायचा. आठवड्यापुरतं शिकायचं, गावात जाऊन करायचं, परत येऊन सांगायचं.

भाऊ: दर आठवड्याला? माझं मशीन तासभर थांबलं तर किती जातात ठाऊक आहे?

ताई: रिजेक्ट मालाचे किती जातात तेही तुझ्या वहीत आहे म्हणालास. दोन्ही आकडे एका पानावर मांड.

(इथे भाऊ गप्प बसतो असं लिहिणं मला सोपं होतं. पण असे लोक गप्प बसत नाहीत, आणि त्यांनी बसूही नये.)

भाऊ: मांडतो. पण मग माझंही ऐक. माझ्या शॉपच्या भिंतीवर तक्ता आहे, कुणाला काय येतं त्याचा. प्रशिक्षणाचं रजिस्टर आहे. मोठ्या कंपनीचं ऑडिट असतं, त्यांना ते लागतं. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात आम्ही सह्या घेतो. मी एकटाच नाही, सगळे घेतात. कायदाही आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्यांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायलाच हवेत. माझ्याकडे तेवढी नाहीत, मला सक्ती नाही, घेतले तर चालतात. 2016 च्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा सरकार देतं, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत. कागदावर सगळं आहे. शिकवणारा माणूस कुठून आणू, एवढंच कागदावर नाही.

ताई: आमच्याकडेही तसंच असायचं. गेल्या काही वर्षांत मुख्यमंत्र्यांच्या युवा प्रशिक्षणाच्या योजनेत कार्यालयांत पोरं आली, सहा ते दहा हजार विद्यावेतनावर, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. ज्या साहेबाने त्यांना जवळ बसवून घेतलं त्याच्याकडची शिकली. बाकीच्यांनी झेरॉक्स काढल्या. पैसा सरकारने दिला तरी शेजारी बसायला माणूस लागतो. तुझ्याकडे तो आहे. सेटर. त्याला तू शिकवणारा मानलंच नाहीस.

भाऊ: तो शिकवणार नाही, हे मघाशीच सांगितलं.

ताई: आता जामखेडचा दुसरा भाग ऐक. तिथे डॉक्टरने नर्सला शिकवलं, नर्सने गावातल्या बाईला, त्या बाईने महिला मंडळाला. जिला जास्त येतं तिने दुसरीला शिकवायचं, आणि शिकवते म्हणूनच तिचा मान. पुढे 1992 मध्ये तिथे प्रशिक्षण संस्था उभी राहिली. शंभरावर देशांतली माणसं येऊन शिकून गेली. त्यांच्यासमोर कोण उभं राहतं? ह्याच बायका. शिकलेले डॉक्टर वही उघडून बसतात आणि लुगडं नेसलेली बाई त्यांना सांगते, अवघडलेली बाळंतीण वेळेवर कशी ओळखायची. तुझ्या सेटरला भीती आहे की दुसऱ्याला आलं की मी संपलो. इथे उलटं आहे. जिच्या हाताखाली जास्त जणी तयार झाल्या तिचं वजन जास्त.

भाऊ: मानाने पोट भरत नाही.

ताई: नाही भरत. पुढे ऐक. 1988 मध्ये त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला बोलायला गेल्या होत्या, आरोग्यक्षेत्रातल्या मोठमोठ्या लोकांसमोर. सभागृहात झुंबरं लागलेली. मुक्ताबाईंनी वातीचे साधे दिवे काढले. झुंबर महाग, सगळ्यांपर्यंत पोचत नाही. पण एका दिव्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा लावता येतो, अशा अर्थाचं त्या बोलल्या.

भाऊ: सुंदर बोलल्या. पण त्यात एक हिशेब राहिला. वातीने वात पेटते हे खरं, तेल मात्र कुणाचं तरी जळतं. माझ्या शॉपमध्ये ते माझं जळतं आणि उजेड चाकणला पडतो. तेल कुणी घालायचं ते सांग. जामखेडला देणगीदार होते. मला बँकेचा हप्ता आहे.

ताई: बरोबर आहे. आणि जिथे तेलाचा विचार झाला नाही तिथे काय झालं तेही सांगते, कारण ते आमच्याच खात्यातलं आहे. 2005 मध्ये देशभर आशा आली. गावातलीच बाई, गावासाठी, ही कल्पना जामखेडसारख्या कामांतून सिद्ध झालेली होती. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं, त्याच्या आधी 1975 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडची माहिती आली होती. आशांच्या पहिल्या वर्षाला तेवीस दिवसांचं प्रशिक्षण ठरलं, पाच टप्प्यांत. चांगलं होतं ते. मी शिकवलंय. पोरी हुशार, पटापट उचलायच्या. पण काम वाढत गेलं, रजिस्टरं वाढत गेली आणि मोबदला कामागणिक तुटपुंजा. 2023-24 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करून मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं. त्यांना शिकवलं, त्यांच्याकडून काम घेतलं आणि पगाराच्या वेळी त्या स्वयंसेविका आहेत म्हणून सांगितलं. हे मला लागतं.

भाऊ: म्हणजे माझं म्हणणं तुला मान्य आहे.

ताई: अर्धं. शिकवून पगार तोच ठेवलास तर माणूस जाणार, आणि त्याने जावंच. तू म्हणतोस शिकवला की जातो. मी म्हणते, शिकवून आहे तिथेच ठेवला की जातो. तुझ्याकडे हेल्पर हेल्परच राहतो. पाच वर्षं झाली तरी वर्षाला तेवढीच वाढ, सगळ्यांना सारखी. एक मशीन चालवणाऱ्याला एक पगार, दोन चालवणाऱ्याला जास्त, सेटिंग करणाऱ्याला त्याहून जास्त, आणि दुसऱ्याला सेटिंग शिकवून दाखवणाऱ्याला सगळ्यांत जास्त, असं भिंतीवर लिही. तुझा तो ऑडिटचा तक्ता आहे ना, त्याच्या शेजारीच लाव. सेटर हेल्परला चहाला पाठवतो का ते मग बघू.

भाऊ: चाकणएवढा पगार मी देऊ शकत नाही.

ताई: चाकणएवढा नको. चाकणला खोलीचं भाडं आहे, डबा आहे, शनिवारी गावी यायला एसटीचा खर्च आहे. तेवढं अंतर तुला भरून काढायचं नाही, त्याच्या निम्मं काढायचंय. आणि काही जण तरीही जातील. जाऊ देत. आपल्याच शहरात रणगाडा दलाचं केंद्र आणि शाळा आहे, 1948 पासून. तिथे शिकलेला माणूस निवृत्त होऊन बाहेर पडणारच, म्हणून शिकवायचं थांबवतात का?

भाऊ: लष्कराला नफा-तोटा नाही. आणि जवानाला सोमवारी गैरहजर राहता येत नाही.

ताई: बरं, ते सोड. साधी गोष्ट विचारते. तुझ्याकडे पॅकिंगला बायका किती आहेत?

भाऊ: सहा-सात.

ताई: किती वर्षं?

भाऊ: दोघी तर शॉप सुरू झाल्यापासून. बाकीच्याही जुन्या. सगळ्या आजूबाजूच्याच.

ताई: त्यातली कुणी चाकणला गेली?

भाऊ: त्या कशाला जातील? घरं इथे, पोरं इथल्या शाळेत.

ताई: मायक्रोमीटर शिकवलास त्यांना?

भाऊ: ताई, आठवी-नववी शिकलेल्या आहेत. तेल पुसायचं, पिशवीत भरायचं, खोक्यात लावायचं, एवढंच त्यांचं काम.

ताई: जामखेडच्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. रोज हजारो जॉब हाताळतात त्या. डाग, कंगोरा, अर्धवट आटा, त्यांच्या बोटांना आधी कळत असेल, तुझ्या इन्स्पेक्टरला नंतर. त्यांना विचारलंस कधी?

भाऊ: एक जण सांगते कधी कधी. मालात काहीतरी वेगळं लागतंय म्हणते. दोनदा खरंही निघालं.

ताई: मग?

भाऊ: मग काय, लॉट बाजूला काढला.

ताई: आणि ती?

भाऊ: ती पॅकिंगलाच आहे.

संवाद मी इथे थांबवतो, कारण माझ्या मते गाठ इथेच आहे. जो टिकणार नाही त्याच्यावर आपण पैसा खर्च करतो आणि मग शिकवणं परवडत नाही म्हणतो. जो वर्षानुवर्षं टिकून आहे, त्याला शिकवण्यासारखं काही असेल असं आपल्या मनातच येत नाही. आरोळे दांपत्याने नेमकी हीच उलटापालट केली. शिकलेली माणसं गावात टिकत नाहीत हे कळल्यावर त्यांनी टिकलेल्या माणसांना शिकवलं. यात उपकाराची भावना नव्हती. हे कामाचं गणित होतं, आणि त्यांचा विश्वासही होता की वस्तीतल्या बाईची बुद्धी कुणाहून कमी नसते. पहिल्या काही दिवसांत तिथे औषधांपेक्षा बायकांच्या स्वतःबद्दलच्या समजुतीवर जास्त बोलणं व्हायचं. आपल्याला येईल हे आधी वाटावं लागतं, मग ते हातात उतरतं. कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या रजिस्टरात यासाठी रकाना नसतो.

भावाचा एक मुद्दा मात्र ताईला खोडता आलेला नाही, आणि मलाही येत नाही. शिकवण्याचा खर्च लहान कारखानदार करतो आणि फळ मोठी कंपनी नेते, हा अन्याय खरा आहे. लहान शॉपकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नुसतं ऑडिट करून भागवू नये. त्यांचे अनुभवी इंजिनिअर महिन्यातून काही तास त्या शॉपमध्ये शिकवायला उभे राहिले तर खर्चाची वाटणी होईल आणि त्यांच्याच मालाचा दर्जा वाढेल. औद्योगिक वसाहतीतल्या संघटनांनी ही मागणी वीज आणि रस्त्यांइतकीच नेटाने लावून धरायला हवी. सरकारनेही आशांना शिकवताना त्यांच्या वेतनाचा प्रश्न वेगळा ठेवू नये. हातात कौशल्य आलं की पगार वाढायलाच हवा.

पण कंपन्या आणि सरकार कधी हलतील याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. तुम्ही माणसं कामाला ठेवत असाल, कारखान्यात, दवाखान्यात, पतसंस्थेत, दुकानात, तर हजेरीपट काढा. पाच वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे आहेत आणि ज्यांना तुम्ही एकही नवं काम शिकवलेलं नाही, त्यांची नावं लिहून काढा. त्यांच्यापासून सुरुवात करा, आठवड्यातला एक तास ठरवून द्या, आणि त्या तासाचे पैसे शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला, दोघांनाही द्या.